पवनीच्या टेकडीखालचा स्तूप

वैनगंगेकाठच्या पवनीत जुन्या वस्तीचा माग टेकड्यांत लागतो. जगन्नाथ टेकडी वरवर साधा उंचवटा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती खणली आणि विटांचा भव्य स्तूप निघाला. इमारत पडते, पाया सहसा उरतो. थरांचा क्रम, विटांचे माप, खापरे यांवरून काळ ठरतो. इथे तर दगडच बोलके: स्तूपाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे, एकावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग, तोही नावानिशी. पण गावातल्या अलीकडच्या वाड्यांचा इतिहास शोधायला कुदळ कशाला? नझूल म्हणजे सरकारी जमिनींचे नकाशे, १९०८ चे भंडारा जिल्हा गॅझेटियर, जुनी खरेदीखते बरेच सांगतात. पवनीत घराचा पाया खणताना मोठ्या मापाच्या विटा लागल्या, तर फेकण्याआधी पुरातत्त्व विभागाला जरूर कळवावे.