लहान लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड ओळखावे कसे?

जुना लहान लॅपटॉप घरात पडून असतो. बटण दाबले की चालू होतो, पडद्यावर चित्र येते, फक्त इंटरनेट लागत नाही. आणि आज इंटरनेटवाचून मुलांचे पान हलत नाही. अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, सारे ऑनलाइन. मग वडील लॅपटॉप काखेत मारून दुकानात जातात. दुकानदार दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, ‘वायफाय गेले, आता नवीनच घ्या.’ घरात महिनाअखेर असते आणि शिष्यवृत्तीची मुदत चार दिवसांवर आलेली असते.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा वेळी नवीन घेण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी. पुष्कळदा कार्ड ठणठणीत असते, ऑपरेटिंग सिस्टीमला ते ओळखता येत नाही एवढेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे अनेकजण लिनक्सकडे वळले आहेत. लिनक्स, ओपन-बी-एस-डी, नेट-बी-एस-डी यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो आणि त्या फुकट मिळतात. लिनक्सचे बरेच प्रकार पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात, लॅपटॉपमधल्या फायलींना धक्का लागत नाही.

आता मुद्द्याचे. खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या पट्टीवर जे नाव असते, त्यावर विसंबू नये. आतल्या प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो. त्याचे दोन भाग: पहिला बनविणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. इंटेलच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचेही नाव हेच, म्हणून तो चटकन लक्षात राहतो. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. पडद्यावर हे इंग्रजी आकड्यांत दिसतात, आणि त्यांत ए ते एफ ही अक्षरेही येतात.

क्रमांक पाहण्याची रीत सोपी आहे. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची खिडकी उघडावी. इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय असे सलग टाइप करावे, एक जागा सोडावी, मग वजाचे चिन्ह आणि त्याला लागून एन, एन, के. एन्टर दाबले की आतल्या वस्तूंची यादी येते. तिच्यात ‘नेटवर्क’ किंवा ‘इथरनेट’ हे शब्द असलेली ओळ शोधावी. शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, मधे अपूर्णविराम. हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

नाव का फसवे, याचे बोलके उदाहरण तैवानच्या आसूस कंपनीच्या ई-पीसी ७०१ चे. २००७ च्या अखेरीस आलेला हा सात इंची लॅपटॉप, वजन किलोभरही नाही. लहान स्वस्त लॅपटॉपची लाट त्यानेच आणली. त्याच्या तारेच्या नेटवर्क चिपचा क्रमांक १९६९:२०४८. ही चिप अटान्सिक कंपनीची. अटान्सिकला अथेरॉसने घेतले आणि अथेरॉसला २०११ मध्ये क्वालकॉमने घेतले. म्हणून जुनी यादी ‘अटान्सिक’ म्हणते आणि नवी यादी ‘क्वालकॉम अथेरॉस’. माणूस बुचकळ्यात पडतो की यातले खरे कोणते! चिप तीच, आकडाही तोच. त्याच लॅपटॉपचे वायरलेस कार्ड १६८सी:००१सी. ते जाहिरातीत एका नावाने, यादीत दुसऱ्याच नावाने दिसते.

उलटा प्रकारही घडतो, आणि तो खिशाला जास्त लागतो. टीपी-लिंकचा डब्ल्यू-एन ७२२ एन हा यूएसबी वायफाय तुकडा लिनक्स वापरणाऱ्यांत फार नावाजलेला. पण ती ख्याती पहिल्या आवृत्तीची, जिच्यात अथेरॉसची चिप होती (क्रमांक ०सीएफ३:९२७१). दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. वरचे नाव तेच राहिले. कोणाचे ऐकून नुसत्या नावावर विकत घेणाऱ्याला भलतीच चिप मिळते. यूएसबीच्या वस्तूंसाठी आज्ञा एल, एस, यू, एस, बी अशी आहे.

क्रमांकाखालच्या ओळीही वाचाव्यात. तिथे वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा जाणणारा प्रोग्राम. वर सांगितलेल्या ई-पीसीच्या वायरलेस कार्डापुढे ‘एटीएच ५ के’ दिसते. हा खुला ड्रायव्हर लिनक्समध्ये २००८ साली दाखल झाला. त्याआधी त्या कार्डांसाठी कंपनीचा बंदिस्त भाग सोबत घ्यावा लागे. खाली काहीच नाव नसेल तर कार्ड जिवंत आहे पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही, असे समजावे. नवा लिनक्स घालून पाहिला की पुष्कळदा काम होते.

कधी ड्रायव्हर दिसतो तरी वायफाय उठत नाही. मग फर्मवेअर तपासावे. काही कार्डांना चालू होताना कंपनीची एक छोटी फाइल लागते. इंटेलची वायरलेस कार्डे यातलीच. एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिली की यंत्र आपला सुरुवातीपासूनचा वृत्तांत सांगते. त्यात ‘फर्मवेअर’ शब्दाशेजारी अपयशाची नोंद असेल तर दोष कार्डाचा नाही, फाइल हवी आहे. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फाइली आपल्या इन्स्टॉलरमध्येच घातल्या आहेत. पण जुन्या पेनड्राइव्हवरून बसविले असेल तर त्या मिळवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी तर हा खटाटोप! त्यावर उतारा म्हणजे अँड्रॉइड मोबाइल. तो यूएसबी तारेने जोडून त्यातले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की मोबाइलच नेटवर्क कार्डाचे काम करतो.

यादीत वायरलेस कार्ड मुळीच दिसत नसेल तरीही घाई करू नये. ई-पीसीवर एफ-एन आणि एफ २ ही बटणे एकत्र दाबून वायफाय बंद केले की कार्ड यादीतूनच नाहीसे होते. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी काढून नेले. इतर लॅपटॉपांवर कडेला सरकते बटण असते. लहान मुलांच्या हातून ते सहज सरकते. काही स्वस्त लहान लॅपटॉपांत, विशेषतः टॅब्लेटसारख्या बांधणीच्या, वायफाय चिप मेमरी कार्डाच्या वाटेने जोडलेली असते. रिअलटेकची ८७२३ बीएस ही त्यातली एक. ती वरच्या दोन्ही याद्यांत येत नाही. तिचा माग वृत्तांतातच लागतो.

ओपन-बी-एस-डीची तऱ्हा थोडी निराळी. तिथे जोडणीला ड्रायव्हरचेच नाव मिळते. अटान्सिकची ती चिप ‘एलआयआय ०’ म्हणून दिसते, इंटेलची तारेची बरीच कार्डे ‘ईएम ०’ म्हणून. त्यामुळे नाव पाहताच ड्रायव्हर कळतो. मला स्वतःला ही पद्धत अधिक सरळ वाटते. ओळख पटूनही ड्रायव्हर नसेल तर वृत्तांतात तशी स्पष्ट नोंद येते. ई-पीसी ७०१ सारख्या ३२ बिटांच्या यंत्रांच्या मालकांनी या सिस्टीमकडे अवश्य पाहावे, कारण डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबविले आहे.

आणखी एक नेहमीचा घोटाळा. सारे जुळले, शेजाऱ्याचे वायफाय दिसते पण आपलेच दिसत नाही. जुनी कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरचा राउटर ५ गिगाहर्ट्झवरच लावला असेल तर त्यांना तो दिसणारच नाही. राउटरमध्ये २.४ ची जोडणी चालू करावी.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात ठेवूनच दुकानात जावे. त्यावरून लॅपटॉप चालू करून यादी पाहावी आणि नेटवर्कच्या ओळींतले आकडे व ड्रायव्हरची नावे टिपून घ्यावीत. मग मोबाइलचे हॉटस्पॉट लावून एखादे पान उघडते का, तेही तिथेच पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर सरळ पुढचे दुकान गाठावे.