पाणी दिलेले पाते

रानावनात एकट्याने निभावण्याचा प्रसंग आला आणि जवळ एकच मोठे पाते बाळगण्याची मुभा असली, तर ते कोणते निवडावे, याचा शोध घेऊन दिवाळी अंकासाठी लिहा, असे संपादकांचे पत्र ऐन वैशाखात आले. शहरातील दुकानांत काचेआड मांडलेल्या झगझगीत सुऱ्या पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळेल असे मला वाटेना. ज्या मुलखात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, जेथे कारवी आणि करवंदीची जाळी चार महिन्यांत पायवाट गिळून टाकतात आणि जेथे कमरेला पाते लावल्यावाचून रानाकडे निघालेला शेतकरी जुन्या पिढीने पाहिलाच नाही, त्या मुलखाने हा प्रश्न केव्हाच सोडविला असला पाहिजे, या अटकळीने मी महाड तालुक्यातील शिवथरच्या खोऱ्यात जाऊन पोहोचलो.

या खोऱ्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. हा सारा जावळीचा मुलूख. मोऱ्यांची सत्ता याच अरण्याच्या भरवशावर उभी होती आणि 1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी ती मोडून काढली. कड्याच्या पोटातील ज्या घळीसमोर आजही धबधबा कोसळतो, तेथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा असून, धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 च्या सुमारास ती घळ पुन्हा उजेडात आणली. यात्रेकरू तेवढे दर्शन घेऊन परततात. माझे काम घळीपासून अंतर राखून असलेल्या एका वाडीच्या कडेला, कौलारू पडवीत चाललेल्या लोहाराच्या भट्टीशी होते.

येथील उत्तर म्हणजे कोयता. वीत-दीड वीत लांबीचे, पाठीला जाड आणि टोकाशी आत वळलेले पाते, त्याला लाकडी मूठ, आणि ते अडकविण्यासाठी कमरेच्या मागच्या बाजूस दोरीने बांधलेली लाकडी आकडी. दोन्ही हात मोकळे ठेवून झाडावर चढावे, मागे हात नेऊन न पाहता कोयता काढावा, फांदी तोडावी आणि न पाहताच तो पुन्हा आकडीत सोडावा, ही क्रिया मी तेथे इतक्या सहजतेने होताना पाहिली की म्यानाच्या बटणांशी झटणाऱ्या आम्हा शहरी मंडळींची मला कीव आली. पात्याचे वळलेले नाक काटेरी फांदी ओढून धरते, आणि बुंध्याशी घाव घालताना आतली धार मातीत वा दगडावर आदळण्यापासून तेच वाचविते. वजन मुठीकडे नसून पुढे असल्यामुळे हाताला केवळ दिशा द्यावी लागते, घाव पाते आपल्या भाराने घालते. नेपाळच्या कुकरीने आणि मलायातील परांगाने हाच न्याय स्वीकारला आहे. दक्षिण अमेरिकेतील माशेटी पातळ असते, कारण तेथे बहुतांशी कोवळी हिरवळ सपासप कापावयाची असते. ऐन-किंजळीच्या चिवट लाकडाशी रोज गाठ पडणाऱ्या सह्याद्रीला जाड पाठ लागते.

मुठीत दुमडणारा चाकू रानात मुख्य हत्यार म्हणून नेऊ नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी वरंध्याच्या बाजूस ओली काठी तासताना माझ्या दुमडत्या चाकूची खीळ सैल होऊन पाते बोटांवर मिटले, आणि त्याची खूण आजही उजव्या हाताच्या दोन बोटांवर आहे. जेथे सांधा आहे तेथे दौर्बल्य आहे. म्हणून पाते आणि मुठीत शिरणारी त्याची शेपटी एकाच पोलादी तुकड्याची असली पाहिजे.

परंतु मला शिवथरच्या त्या भट्टीशी तीन दिवस खिळवून ठेवले ते कोयत्याच्या आकाराने नव्हे, तर त्याला पाणी देण्याच्या विधीने. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा हे लोहारकाकांचे पोलाद. त्यात शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक कार्बन असतो, आणि कठीणपणा व लवचिकपणा या दोन्ही गुणांना तो पुरेसा पडतो. पाटा तापवून, घणाने ठोकून, कानशीने घासून आकार येईपर्यंत सकाळ सरते. पात्याचे भवितव्य ठरते ते त्यानंतरच्या काही क्षणांत. भट्टीची पडवी काकांनी मुद्दाम अंधारी ठेवली आहे, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा रंग डोळ्याला फसवितो. भात्याची फुंकर मंदावली, पाते सांडशीत फिरू लागले, आणि मी विचारले, "काका, तापलं हे कसं ओळखता?"

"करवंद काळं पडायच्या आधी जसं लाल दिसतं ना, तसं दिसायला हवं," काका म्हणाले. "त्याच्या पुढं गेलं का पोलादाचा जीव गेला."

तो रंग येताच त्यांनी पाते उचलले आणि केवळ धारेची कड, दोन बोटे खोल, पाण्यात धरून मागेपुढे हलविली. पाठ पाण्याबाहेर लालच राहिली. धार एका क्षणात काचेसारखी कठीण झाली आणि पाठ मऊ राहिली. मग त्यांनी चिपेच्या दगडाने धारेजवळ एक पट्टा चकचकीत घासला, आणि पाठीत उरलेली उष्णता हळूहळू खाली उतरू लागली. त्या घासल्या पट्ट्यावर प्रथम वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, तो तपकिरी झाला, आणि त्याला जांभळी झाक येते न येते तोच काकांनी सबंध पाते पाण्यात बुडविले. पिवळ्यावर थांबले तर धार तीक्ष्ण पण ठिसूळ. निळा येऊ दिला तर चिवट पण बोथट. हा सारा खेळ सव्वादोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यानचा, आणि तो मोजणारे यंत्र म्हणजे साठीपलीकडच्या त्या माणसाचे दोन डोळे. मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही कारखान्यातील तापमापकापेक्षा मला त्यांचा अधिक आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी मात्र पाण्यातून "टण्" असा बारीक आवाज आला. काकांनी पाते उजेडात नेले. धारेपासून पाठीकडे केसाएवढी रेघ गेली होती. वर्षानुवर्षे ट्रकचा भार सोसलेल्या पाट्यात मुरलेली भेग बाहेरून दिसत नाही, ती पाण्यातच तोंड उघडते. सकाळभराची मेहनत भंगारात पडली, आणि त्याचा मोबदला कोणी देत नाही.

याहून मोठी अडचण माणसांची आहे. बारा बलुतेदारांत लोहाराला वर्षाचे भात ठरलेले असे; आता रोख पैसा आणि तोही कामापुरता. घण मारण्यास दुसरा माणूस लागतो, आणि ज्याला महाडच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याचा पगार मिळतो त्याने धुरात घण का मारावा, याला काकांपाशी उत्तर नाही आणि माझ्यापाशीही नाही. त्यांचा मुलगा मुंबईला आहे. चुलीच्या जागी गॅस आला, राब भाजण्यासाठी कवळ तोडणारे हात कमी झाले, आणि बाजारात पातळ पत्र्याचे, सर्वांगाला एकच कठीणपणा दिलेले कोयते स्वस्तात मिळू लागले. ते दोन पावसाळे टिकतात. ज्याने चांगल्या कोयत्याचा घाव कधी अनुभवलाच नाही त्याला फरक कळणार कसा, ही चिंता मला परतीच्या वाटेवर सोडीना. डोळ्यांतील ती रंगांची पारख कागदावर उतरत नाही. मी तीन दिवस शेजारी बसलो, तरी जांभळी झाक नेमकी कोणत्या क्षणी येते हे मला एकदाही आधी सांगता आले नाही.

ज्या वाचकांना असे पाते घ्यावयाचे असेल त्यांनी कानस सोबत न्यावी. ती धारेला जेमतेम आणि पाठीला सहज चावली, तर पाणी नीट दिले आहे असे समजावे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पाती परवान्याच्या कक्षेत आणली असली, तरी घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. तेव्हा शेतीचाच कोयता घ्या, तो शेतीच्या व रानाच्या कामापुरताच वापरा, आणि राखीव वनात हिरव्या झाडाला हात लावू नका. पावसाळ्यात पात्याला खोबरेल चोळीत जा. मुख्य म्हणजे मृगाच्या महिनाभर आधी जाऊन लोहाराला काम सांगा आणि तो मागेल ती किंमत घासाघीस न करता द्या. काकांची भट्टी आता आठवड्यातून दोनच दिवस पेटते.