जुन्या शोधाची नवी तारीख

पद्धतशीर आढाव्याचा शोध ताजा करून घ्यायला येणारे डॉक्टर बहुधा जुनं शोधसूत्र घेऊनच येतात. ‘मॅडम, पुढची तीन-चार वर्षं तेवढी बघायची आहेत.’ मी आधी बघते ते वेगळंच : शेवटचा शोध कोणत्या तारखेला, कोणकोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या ओळी टाकून झाला होता? कितीतरी छापील लेखांत ‘पबमेड शोधले’ एवढंच असतं. ‘भाजी केली’ म्हणावं तसं; कुठली, कशात, किती, पत्ताच नाही.

समजा प्रश्न आहे, जुलाब झालेल्या मुलांना झिंक दिल्याने काय फरक पडतो. मागचा शोध २०१९अखेरचा. म्हणून २०२०पासूनची प्रकाशनवर्षं मागितली, तर फसगत होते. २०१९च्या अंकातला लेख डेटाबेसात दाखल होतो २०२०च्या मार्चमध्ये. जुन्या शोधाच्या वेळी तो तिथे नव्हता आणि नव्या शोधाला त्याचं वर्ष चालत नाही. त्यामुळे प्रकाशनाची नाही, नोंद दाखल झाल्याची तारीख धरायची आणि तीही काही महिने मागे सरकून.

मला तर अख्खा शोध पहिल्यापासून चालवून जुन्या नोंदी वजा करणंच पसंत आहे. वेळ जातो, पण डेटाबेसही एका जागी बसलेले नसतात. जुनं पबमेड ताऱ्याची खूण लावलेल्या शब्दाची पहिली ६०० रूपंच शोधायचं; २०२०मध्ये आलेल्या नव्या पबमेडने ती मर्यादा काढली. म्हणजे तेच सूत्र आज जुन्याच वर्षांतले न दिसलेले लेख वर काढू शकतं. लेखांना लावायच्या विषयशीर्षकांची यादी दरवर्षी बदलते. एप्रिल २०२२पासून मेडलाइनमध्ये ती शीर्षकं लावण्याचं काम संगणकाकडे गेलं आहे. म्हणून केवळ शीर्षकांवर विसंबणं मला पटत नाही. लेखाच्या नावातले आणि सारांशातले शब्दही हवेतच.

खरी डोकेदुखी वजाबाकीत आहे. एकाच लेखाला मेडलाइन नियतकालिकाचं संक्षिप्त नाव देतं, तर एम्बेस पूर्ण. लेखकाची आद्याक्षरं एकीकडे दोन, दुसरीकडे एक. संदर्भ सांभाळणारं एंडनोट हे सॉफ्टवेअर अशा जोड्या सोडून देतं, त्या डोळ्यांनीच पकडाव्या लागतात. शिवाय परिषदेत वाचलेला सारांश आणि दोन वर्षांनी आलेला पूर्ण लेख ही डुप्लिकेट नव्हेत, पण चाचणी एकच. ते लक्षात आलं नाही तर तीच मुलं दोनदा मोजली जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे स्ट्रेप्टोकायनेजच्या कहाणीतून कळतं. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या या औषधाच्या चाचण्या कालक्रमाने एकात एक मिळवत गेलं, तर १९७३पर्यंतच्या आठ चाचण्यांत, २,४३२ रुग्णांत, फायदा स्पष्ट दिसतो, असं १९९२च्या एका अभ्यासाने दाखवलं. तरी १९८८पर्यंत आणखी २५ चाचण्या झाल्या. रुग्ण होते ३४,५४२.

नव्या लेखांइतकंच जुन्यांकडेही बघावं लागतं. आधी समाविष्ट केलेला एखादा अभ्यास मधल्या काळात मागे घेतला गेला असेल. मागच्या आढाव्यात ‘चालू’ म्हणून नोंदलेल्या चाचण्यांचं पुढे काय झालं, ते नोंदणीवह्यांत जाऊन पाहावं लागतं. भारतात जून २००९पासून चाचणी सुरू होण्याआधीच नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे निदान माग तरी निघतो. नुसतीच नोंद आणि निकाल कुठेच नाही, असंही खूपदा दिसतं. ते आढाव्यात लिहायला लावते मी.

मग चाळणी लावून हाती उरतात दोन-तीन अभ्यास, कधी एकही नाही. डॉक्टरांचा चेहरा पडतो. मला मात्र ‘अमुक तारखेपर्यंत नवीन काही नाही’ हे उत्तर पुरेसं वाटतं, फक्त त्या तारखेचं आयुष्य थोडं असतं. २००७च्या एका अभ्यासात तपासलेल्या शंभर आढाव्यांपैकी सात तर छापून आले त्याच दिवशी शिळे होते. प्रकाशनाआधीच्या बारा महिन्यांतला शोध असावा, अशी असे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कोक्रेन संस्थेची अपेक्षा असते. मसुदा सहलेखकांकडे वर्षभर पडून राहिला, की तीच फाइल पुन्हा माझ्या टेबलावर येते.