पेल्यातला खेकड्याचा भाऊबंद

पाऊस लागला की भंडारदऱ्याच्या भातखाचरांत खेकडे दिसू लागतात. बांधाला बिळे पाडतात म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो, आणि रात्री बत्ती घेऊन धरायलाही निघतो! एखाद्या मादीच्या पोटाखालची झापड उचलून पाहा. आत इवली इवली पिले गच्च बसलेली सापडतील. पाय, नांग्या, डोळे, सारे आईसारखे.

आता याच खेकड्याचा एक लांबचा भाऊबंद पाहू. प्रवरेवरच्या, 1926 साली पुऱ्या झालेल्या धरणाचे पाणी घ्या की एखाद्या डबक्याचे, काचेच्या पेल्यात उजेडाकडे धरा. पांढुरके ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले, तर ते बहुधा सायक्लॉप्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, डोळा एकच. म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला दिले. मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबतात, बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या.

याचे पिल्लू मात्र आईवर जात नाही. अंड्यातून निघते तेव्हा अंग वाटोळे, पायांच्या तीनच जोड्या. त्याला नॉप्लियस म्हणतात. ते वाढते कात टाकून. सहाव्या कातीनंतर आईचा घाट येतो, अकराव्या कातीला ते वयात येते.

आणि हे पिल्लूच कुळाची ओळख सांगते. कोकणच्या खाडीत खडकांना आणि होड्यांच्या तळाला पांढरी धारदार कवचे चिकटलेली असतात. विद्वान त्यांना शिंपल्यांच्या जातीत धरीत. 1830 साली जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी त्यांची पोहणारी पिले पाहून दाखवून दिले, की हे तर खेकड्या-कोळंबीचे नातलग! समुद्रातल्या कितीतरी कोळंब्याही नॉप्लियस म्हणूनच जन्मतात. अलीकडे तर आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञ म्हणतात, की मुंगी, टोळ, तुडतुडे हे सारे कीटक याच कुळाच्या एका फांदीवरचे.

मग आपल्या खेकड्याचे पिल्लू पोहत का नाही? समुद्री खेकड्यांची पिले पोहतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याने ते बालपण अंड्यातच उरकून घेतले. ओढ्याच्या लोंढ्यात एवढेसे पिल्लू टिकणार कसे?

सायक्लॉप्सचे नाव एकेकाळी धास्तीचे होते. नारूचे जंत त्याच्या पोटात वाढत. तसे पाणी प्यायल्यावर वर्षभराने पायाला फोड येई आणि हातभर लांब जंत बाहेर पडे. तो काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढावा लागे. तुटला तर पाय सुजे, ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताची पिल्ले पुन्हा पाण्यात पडत. 1980च्या दशकात देशभर मोहीम चालली, महाराष्ट्रातही. घरोघरी पाणी दाट विणीच्या फडक्याने गाळले जाऊ लागले, कारण सायक्लॉप्स अशा फडक्यावर अडतो. देशातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला, आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला.

सायक्लॉप्स पाण्यात आजही आहेच. माशांची नुकती फुटलेली पिले त्याच्या नॉप्लियसवर पोसतात.