अफवेचा प्रतिबंध आणि प्राथमिक शाळा

दिनांक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच घरोघर पोहोचली होती. पोटासाठी परमुलखात आलेली ही माणसे ती टोळी नव्हेत, हे विचारण्यास कोणी थांबले नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीतही त्यांचे प्राण वाचले नाहीत.

त्या काळी देशभर फिरलेली एक चित्रफीत विशेष बोधप्रद आहे. दुचाकीवरून मूल उचलून नेण्याचे ते दृश्य कराचीतील एका बालसुरक्षाविषयक जाहिरातीतील होते. मूळ चित्रफितीत मूल परत आणून दिले जाते. तेवढा शेवट कापून टाकण्यात आला होता. चित्र खरे, अर्थ मात्र खोटा!

यानंतर उपाय झाले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. परंतु लोकशाहीत प्रत्येक संदेशावर पहारा बसविता येत नाही, व तो बसविणे इष्टही नाही. म्हणून नागरिकाची चौकसबुद्धी हाच टिकाऊ बंदोबस्त होय. फिनलंडमध्ये यासाठी स्वतंत्र विषय न करता गणितात आकड्यांची फसवणूक, चित्रकलेत चित्राची व भाषेत शब्दांची, असे शिक्षण देण्यात येते.

यावल तालुक्यातील शिक्षकांस हे सहज साधण्यासारखे आहे. ‘काल बाजारात दोन मुले पळविली, सर्वांना कळवा’ असे वाक्य फळ्यावर लिहावे आणि यात काय लिहिलेले नाही, ते मुलांकडून काढून घ्यावे. कोणता बाजार? कोणाची मुले? पाहिले कोणी? ‘काल’ म्हणजे कोणता दिवस? वाक्य गतवर्षीचे असले तरी ते आजही ‘काल’च म्हणते, हे मुलांच्या चटकन ध्यानी येते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणाऱ्या घरांत असे संदेश अनेकदा ऐकले व पाहिले जातात, वाचले जात नाहीत. तेथे हाच पाठ तोंडी, मुलांच्या बोलीत घ्यावा. नंदीवाले, वासुदेव, डवरी गोसावी गावोगाव का फिरतात, हेही परिसर अभ्यासात सांगावे. अनोळखी माणसाविषयी खरोखरच शंका आल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावयाचे असते, ही माहिती पालकसभेत द्यावी व तो क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहून ठेवावा.