बंदी न पाळणारं जाळं



आपल्या मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या आणि जलाशयांतली मासेमारी बंद असते. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, म्हणून ही बंदी. त्या दोन महिन्यांत घर कसं चालतं, ते आपल्यालाच ठाऊक. पण एक जाळं ही बंदी पाळत नाही. फाटलं म्हणून पाळीवरून पाण्यात ढकलून दिलेलं तंगूसचं जाळं.

पूर्वीचं सुताचं जाळं पाण्यात राहिलं की कुजून जायचं. तंगूस नायलॉनचा, तो कुजत नाही. गाळात, झाडाच्या खुंटाला अडकून पडतो आणि मासा धरतच राहतो. अडकलेला मासा मरतो, सडतो; त्याच्या वासाने दुसरा येतो, तोही अडकतो. अंड्यांनी भरलेली मादी असली तर पुढच्या सालचं बीजच गेलं. ना ते आपल्या टोपलीत, ना बाजारात. वर नवं जाळं टाकलं की तेही त्या जुन्यात गुंतून फाटतं. म्हणजे नुकसान दुहेरी, आणि दोन्ही वेळा आपलंच.

तुम्ही म्हणाल, "काहून आम्हालाच सांगता? पन्नी, बाटल्या, विसर्जनाचं सामान तर सारं गाव टाकते." खरं आहे. खाली गोसीखुर्दला बघा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून धरणात जातं. घाण शहराची, अन् झळ बसते तिथल्या ढिवर बांधवांना. आपली बाघ नदीही वैनगंगेलाच मिळते. इथून वाहून गेलेली पन्नी खाली कुणाच्या तरी जाळ्यात निघणारच.

पण गावाला सांगायला तोंड हवं, तर आधी आपली पाळ साफ हवी.

केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरावर २०१७ साली मच्छीमारांनी हेच केलं. जाळ्यात आलेलं प्लास्टिक ते पुन्हा समुद्रात फेकत होते. मग सरकारच्या मदतीने बोटींना पिशव्या मिळाल्या. कचरा किनाऱ्यावर आणायचा, तिथे धुऊन, निवडून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरायचा. समुद्र मोठा, बोटी मोठ्या, पण सुरुवात झाली ती बोटीतल्या एका पिशवीने. आपल्या डोंग्यातही एक पोतं सहज मावतं.

तेव्हा एवढं करू या:

• फाटलेलं जाळं, तुटका दोर, थर्माकोल पाण्यात किंवा पाळीवर टाकायचं नाही. जाळायचंही नाही, तो धूर वाईट.
• जाळ्यात पन्नी-बाटली आली तर परत फेकायची नाही, पोत्यात भरायची आणि कचऱ्याच्या गाडीत द्यायची.
• पाणी उतरलं की दोन-तीन डोंगे मिळून गळ टाकून जुनी जाळी ओढून काढायची. पोट्टे पाळीवरचा कचरा वेचतील.
• गणपती-दुर्गेच्या विसर्जनाआधी मंडळांना भेटून सांगायचं: हार-फुलं, कापड, पन्नी वेगळी काढा.

जुनी जाळी कुठे जमा करायची, हे संस्थेच्या पुढच्या बैठकीत मिळून ठरवू. तोवर प्रत्येकाने आपल्या घराच्या मागे बघावं. तिथे पडलेलं जाळं पुढच्या पुरात तळ्यात जायच्या आत उचला.

बंदी आपण पाळतोच. आता जाळ्यालाही पाळायला लावू.