कमी पळालेली, पुष्कळांनी पळवलेली

शोरूममध्ये येणाऱ्या ग्राहकांना चालवून पाहता यावी म्हणून विक्रेता जी गाडी स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवतो तिला व्यवहारात ‘डेमो गाडी’ म्हणतात, आणि काही महिने हे काम केल्यावर, किंवा त्या मॉडेलची नवी आवृत्ती येऊ घातल्यावर, तीच गाडी सवलतीत विकायला काढण्याची पद्धत मोटारव्यवसायात सर्वत्र रूढ आहे. साध्या हॅचबॅकच्या बाबतीत अशी गाडी घेणे हा बहुधा शहाणपणाचा व्यवहार ठरतो, कारण ती चालवून पाहणारा माणूस एसी किती थंड होतो, डिकीत किती सामान मावते आणि क्लच जड आहे का, एवढेच पाहून समाधानाने परत येतो. स्पोर्ट्स कार चालवून पाहणाऱ्याला मात्र एकच गोष्ट पाहायची असते, आणि ती पाहण्यासाठी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा लागतो. मीटरवर जेमतेम तीन हजार किलोमीटर दाखवणारी डेमो स्पोर्ट्स कार त्यामुळे ‘जवळजवळ नवी’ असते हे खरे, पण तिच्या तीन हजार किलोमीटरची तुलना एकाच मालकाने महामार्गावर कापलेल्या तीन हजारांशी होऊ शकत नाही.

मुद्दा समजण्यासाठी ‘रनिंग-इन’ ही संकल्पना आधी लक्षात घ्यावी लागते. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती, तसेच मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे दाते, एकमेकांवर घासून नीट बसायला काही अंतर जावे लागते, आणि या काळात यंत्रावर पूर्ण भार टाकू नये अशी उत्पादकाची सूचना असते. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ श्रेणीतील गाड्यांच्या पुस्तिकेत ही सूचना आकड्यांनिशी दिलेली असते: पहिले २,००० किलोमीटर इंजिनाचे फेरे मिनिटाला ५,५०० च्या आणि वेग ताशी १७० किलोमीटरच्या आत ठेवावा, गती बदलती राखावी, आणि त्यानंतर इंजिन ऑइलबरोबरच डिफरन्शियलचे ऑइलही बदलून घ्यावे. आजकालची यंत्रे इतकी काटेकोर घडवलेली असतात की रनिंग-इन ही जुन्या काळाची सवय उरली आहे, असे मानणारे जाणकारही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही; परंतु ज्या उत्पादकाला प्रत्येक सर्व्हिसचा खर्च कमी दाखवण्यात रस असतो तोच २,००० किलोमीटरवर ऑइल उपसायला सांगतो, याचा अर्थ त्या ऑइलात दातांवरून निघालेले धातूचे सूक्ष्म कण उतरतात हे त्याला ठाऊक असते. डेमो गाडीचे नेमके हेच पहिले दोन हजार किलोमीटर अनोळखी पायांखाली गेलेले असतात. त्यात भर म्हणजे शोरूमपासून निघून परत येण्याची फेरी बहुधा पाच-सात किलोमीटरची असते. एवढ्या अंतरात कूलंट गरम होते, पण ऑइल कामाच्या तापमानाला पोहोचायला त्याहून अधिक वेळ घेते, आणि विक्री-प्रतिनिधी मोकळा रस्ता दिसताच ‘आता दाबा’ म्हणतो तो क्षण बहुतेक वेळा ऑइल अजून पुरते तापलेले नसतानाच येतो.

म्हणून अशा गाडीबद्दलचा पहिला प्रश्न किमतीचा नसून सर्व्हिस-नोंदीचा असला पाहिजे. रनिंग-इनची सर्व्हिस झाली का, किती किलोमीटरवर झाली, डिफरन्शियलचे ऑइल बदलल्याची नोंद बिलात स्वतंत्रपणे आहे का, या तीन गोष्टींची उत्तरे कागदावर मिळत नसतील तर पुढची सगळी चर्चा अंदाजावर चालते. गंमत अशी की सर्व्हिस सेंटर त्याच विक्रेत्याचे असते, आणि ग्राहकांच्या गाड्यांच्या गर्दीत घरची गाडी मागे राहणे हे सुताराच्या घरी खाट मोडकी असण्याइतकेच स्वाभाविक आहे.

त्यानंतरची तपासणी शोरूमच्या झगमगाटात करण्याची नसते. गाडी लिफ्टवर चढवूनच करावी लागते. अनुभवी पारखी आधी टायरकडे जातो. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘१४२५’ हा टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला असतो; ही तारीख गाडीच्या उत्पादनाच्या महिन्यानंतरची निघाली, तर एवढ्या कमी अंतरात टायर का बदलावे लागले, असा प्रश्न उभा राहतो. बीएमडब्ल्यूसाठी मान्य केलेल्या टायरवर तारा आणि पोर्शेच्या टायरवर ‘एन’ हे अक्षर असते, त्यामुळे बदललेला टायर मूळ प्रकारचाच आहे का हेही तिथेच कळते. मागच्या चाकांवर जोर घेणाऱ्या गाडीत मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजणे नैसर्गिक आहे, मात्र टायरच्या बाहेरच्या खांद्यावर रबर ओरबाडल्यासारखे खडबडीत झालेले असेल, तर गाडी वळणांवर जोराने रेटली गेली आहे, बहुधा एखाद्या ट्रॅकवरही जाऊन आली आहे. याच संशयाची पडताळणी ब्रेकच्या डिस्कवर होते: डिस्कच्या कडेला बोटाला लागणारी उंचवट्याची रेघ झीज दाखवते, निळसर छटा अतोनात तापल्याची खूण असते, आणि भोके पाडलेल्या डिस्कमध्ये भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, त्यामुळे कॅलिपरने मोजून उरलेले आयुष्य काढता येते.

गाडीखालचा भाग भारतीय रस्त्यांचे प्रगतिपुस्तकच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा. प्रत्यक्षात गल्लीबोळांत आणि सोसायट्यांच्या फाटकांपुढे अरुंद, उभट आणि त्याहून उंच वरवंटे टाकलेले असतात, आणि जिचे पोट जमिनीपासून जेमतेम १२-१३ सेंटीमीटरवर आहे अशी गाडी त्यांच्यावरून नेण्याची सवय चालवून पाहायला आलेल्या माणसाला नसते. पुढच्या बंपरची खालची कड, खालचे प्लॅस्टिकचे आवरण आणि त्याचे स्क्रू यांच्यावरील ओरखडे बहुतेक वेळा वरवरच्या नुकसानाचेच असतात, पण अलॉय चाकाच्या आतल्या बाजूची कड खड्ड्यात आपटून वाकलेली असेल तर ती बाहेरून दिसत नाही आणि बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवल्याशिवाय कळत नाही. रंगाच्या बाबतीत वापरले जाणारे जाडीमापक यंत्र मायक्रॉनमध्ये आकडा देते. कारखान्यातील रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि एखाद्याच पत्र्यावर आकडा एकदम वर गेला की तिथे पुन्हा रंगकाम झाल्याचा अंदाज बांधता येतो. महागड्या डेमो गाड्यांवर बऱ्याचदा रंगाचे रक्षण करणारी पारदर्शक फिल्म चढवलेली असते आणि तिचीच जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन भरते, त्यामुळे फिल्म कुठे संपते हे आधी शोधले नाही तर यंत्र खरे सांगूनही माणूस फसतो.

इलेक्ट्रॉनिक नोंदी हा या तपासणीचा सर्वांत बोलका भाग होय, मात्र तिथवर पोहोचण्यासाठी कंपनीचाच स्कॅनर आणि तो लावू देणारा विक्रेता लागतो. पोर्शेच्या इंजिन-नियंत्रकात मर्यादेपलीकडे गेलेल्या फेऱ्यांची पट्ट्यांनुसार मोजणी साठवलेली असते, आणि प्रत्येक पट्ट्यातील शेवटची घटना इंजिन किती तास चालल्यावर घडली हेही त्यात सापडते. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत चुकून खालचा गिअर पडला की वरच्या पट्ट्यांत आकडा उमटतो, तर स्वयंचलित पीडीके गिअरबॉक्स असा धोकादायक गिअर पडूच देत नाही. निसान जीटी-आरमध्ये ‘लाँच कंट्रोल’, म्हणजे जागेवरून पूर्ण ताकदीने सुटण्याची सोय, किती वेळा वापरली याची नोंद राहते. साध्या बाजारी स्कॅनरनेही एक गोष्ट कळते: दोषांचे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात, आणि विक्रीला काढलेल्या गाडीत असे दिसणे हे एखादा कोड दिसण्यापेक्षा जास्त चिंतेचे आहे.

एवढी तपासणी समाधानकारक झाली तरी गाडी घ्यायची की नाही याचा निकाल बहुधा हिशेबातच लागतो, आणि सवलतीचा भ्रमही इथेच निर्माण होतो. समजा, १,५०० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या, भारतातच जोडणी झालेल्या एका वेगवान सेडानची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी आणि विमा धरण्यापूर्वीची किंमत, ७० लाख होती, आणि डेमो गाडी ६३ लाखांना, दहा टक्के सवलतीत, देऊ केली आहे. अशा गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर मिळून ४८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन एकूण कर ४० टक्के झाला, म्हणजे कंपनीने करापूर्वीची किंमत तीच ठेवली असे धरले तर त्याच गाडीची नवी किंमत सुमारे ६६ लाख २० हजार होते. सात लाखांच्या सवलतीपैकी जवळपास पावणेचार लाख सरकारने दिलेले असतात आणि कोरी गाडी घेणाऱ्यालाही ते मिळतातच. विक्रेत्याने सोडलेली रक्कम पाच टक्क्यांपेक्षाही कमी उरते. याउलट विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरवताना वापरत असलेला घसाऱ्याचा तक्ता सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी २० टक्के वजावट सांगतो. नऊ महिने वापरलेली ही गाडी त्या तक्त्यानुसार सुमारे ५६ लाखांची ठरते. हा तक्ता बाजारभाव नव्हे हे मान्य करूनही, ज्या वस्तूला विमा कंपनी ५६ लाख मोजेल तिच्यासाठी ६३ लाख का मोजावेत, याचे उत्तर विक्रेत्याकडे मागणे रास्त आहे.

महाराष्ट्रात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावाने नोंदणी करताना १३ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो, तर कंपनीच्या नावाने नोंदणी झाली किंवा गाडी आयात केलेली असली तर तो २० टक्के असतो. विक्रेता कंपनीच्या नावाने झालेल्या ऑन-रोड खर्चाचा आकडा समोर ठेवून सवलत मोजत असेल, तर ७० लाखांच्या गाडीत तब्बल ४ लाख ९० हजारांचा असा कर मोजला जातो, जो खाजगी ग्राहकाने स्वतः नवी गाडी घेताना कधीच भरला नसता. पूर्णपणे आयात केलेल्या गाडीत हा फरक राहत नाही. तिच्या बाबतीत प्रश्न आयात शुल्काचा येतो: २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात ठराविक संख्येपर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे, आणि ब्रिटिश स्पोर्ट्स कार विचाराधीन असेल तर पुढच्या काही वर्षांत तिची पुनर्विक्री कोणत्या नव्या किमतीशी स्पर्धा करील याचा विचार आजच करावा लागतो.

डेमो गाड्यांवर विक्रेता हौसेने जास्तीची उपकरणे चढवतो, कारण त्या दाखवण्यासाठीच असतात. मोठी चाके, कार्बन फायबरचे तुकडे, महागडी ध्वनियंत्रणा यांची मूळ किंमत यादीत दिसते आणि सवलत मोठी भासते. विकायच्या दिवशी या उपकरणांचे पैसे जवळजवळ परत मिळत नाहीत. त्यामुळे ग्राहकाने स्वतः जी उपकरणे निवडली असती तेवढीच हिशेबात धरणे योग्य, बाकीची फुकट मिळाली तर आनंद मानावा.

कागदपत्रांत मुख्य अडचण मालकीच्या क्रमांकाची असते. गाडी विक्रेत्याच्या नावावर नोंदलेली असेल तर घेणारा आरसीवर दुसरा मालक ठरतो, आणि भारतातील जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘फर्स्ट ओनर’ या दोन शब्दांना अजून रोख किंमत आहे. गाडी नोंदणीविना, फक्त विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवरच फिरली असेल तर मात्र घेणाराच पहिला मालक होतो. वॉरंटीचे घड्याळ सामान्यतः पहिल्या नोंदणीपासून चालू झालेले असते, त्यामुळे दोन वर्षांच्या वॉरंटीतले नऊ महिने घेणाऱ्याच्या वाट्याला न येताच संपलेले असतात. विक्रेत्याने गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो, तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते, आणि ते हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देणे धोक्याचे. फॉर्म २९ आणि ३० वर मालकीहक्क बदलल्यावर विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. अन्यथा तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण टिकते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर वाद उभा राहू शकतो.

या सगळ्याचा विचार करता, सध्याच्या नव्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांहून कमी सवलत असलेली डेमो स्पोर्ट्स कार घेण्यात, ती कितीही देखणी असली तरी, फारसा अर्थ दिसत नाही, कारण तेवढ्याच पैशात एकाच मालकाने सांभाळलेली, नोंदी पूर्ण असलेली वर्षभर जुनी गाडी मिळण्याची शक्यता असते आणि तिच्या पहिल्या दोन हजार किलोमीटरचा जबाब देणारा एक माणूस तरी समोर असतो. अपवाद दोन आहेत. मर्यादित संख्येत आलेली आणि लगेच संपलेली गाडी, जशी २०२५ साली भारतात आलेली गोल्फ जीटीआय, हिच्या बाबतीत नवी गाडी हा पर्यायच उरलेला नसतो; आणि विक्रेत्याला आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी गाडी पुस्तकातून काढायचीच असेल, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रोख रकमेपेक्षा चार नवे मागचे-पुढचे टायर, ऑइलसह पूर्ण सर्व्हिस आणि कंपनीची वाढीव वॉरंटी या गोष्टी लेखी पदरात पाडून घेणे सोपे जाते, कारण विक्रेत्याला त्या खरेदीदराने पडतात आणि ग्राहकाला त्याच बाहेर पूर्ण दराने घ्याव्या लागल्या असत्या.